सावलीपुढची कोरी जागा

फेब्रुवारीच्या फरशीवर उभं असताना आपला उजवा पाय आपल्याला न विचारता वीतभर सरकला, हे द्वारकेच्या लक्षात आलं गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला, आणि मग दिवसभर दुसरं काही तिच्या डोक्यात राहिलं नाही. पाय सरकणं ही काही बातमी नव्हे. साठीला टेकलेल्या बाईचे पाय सरकायचे, वळायचे, पायऱ्यांवर कुरकुरायचे. पण हा पाय दुखत नव्हता. समोर आठच्या दगडापाशी हमीदभाई उकिडवे बसले होते, एका हातात खडू, दुसरा हात उन्हासाठी डोळ्यांवर आडवा धरलेला. तिची लांबलचक सावली गवतावरून थेट त्यांच्या अंगावर जात होती. आणि पायाने तिला गुपचूप फरशीच्या कडेला नेलं होतं. सावली हमीदभाईंच्या खांद्यावरून उतरून मोकळ्या गवतावर पडली तेव्हा तिच्या छातीतून एक श्वास सुटला. तो श्वास तिने ऐकला. सुटकेचा होता. हमीदभाईंनी दगडाकडे पाहिलं, मग मनगटाकडे पाहिलं, आणि आजही पुढेच आहे, एवढंच म्हणाले.

घड्याळ तसं साधं होतं, म्हणजे हमीदभाईंच्या मते साधं. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यांची सोसायटी. तिच्या बागेत एक कारंजं होतं, जे बिल्डरच्या माहितीपत्रकात उडायचं आणि प्रत्यक्षात डास पाळायचं. ते बुजवल्यावर उरलेल्या जागेचं काय करायचं यावर सभांवर सभा झाल्या, आणि शेवटच्या सभेत सी विंगचे हमीदभाई, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, एरवी हजेरीपुरते येणारे, उठून म्हणाले की इथे सूर्यघड्याळ करू. सेक्रेटरी अनिरुद्ध आयटीत आहे आणि सगळ्याच गोष्टी जांभई देत मंजूर करतो. त्याने विचारलं, वीज लागते का. नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग करा. सूर्याने अजून मेंटेनन्स मागितलेला नाही." तर या घड्याळाला काठी नाही. मधोमध दक्षिणोत्तर ओळीत महिन्यांच्या काळ्या फरश्या, भोवताली अर्धगोलात तासांचे दगड. जो महिना चालू असेल त्याच्या फरशीवर मधोमध उभं राहायचं, आपली सावली ज्या दगडाकडे जाईल तितके वाजले. काटा म्हणजे आपणच. पुण्याचा सूर्य मनगटावरच्या घड्याळापेक्षा अर्धा तास मागे असतो, तो अर्धा तास हमीदभाईंनी दगड बसवतानाच हिशेबात धरला होता. फेब्रुवारीत सूर्य आणखी थोडा रेंगाळतो, त्याचं कोष्टक पाटीवर यायचं होतं, तोवर ती मिनिटं हमीदभाई मनातच मिळवत. पाटीवर आणखी एक गोष्ट यायची होती आणि ती द्वारकेकडे होती: या घड्याळाचे शब्द, त्यांचे अर्थ, ते आले कुठून. आयुष्यभर शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवलेली बाई ए विंगमध्ये राहत असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं? रविवारी सकाळी आठला उद्घाटन होतं, सोमवारी पाटी कोरायला जाणार होती, आणि घड्याळ चुकत होतं. रोज चुकलं असतं तर निदान समजूत पटली असती. पण ते एखाद्या दिवशी बरोबर असायचं आणि दुसऱ्या दिवशी दहा-बारा मिनिटं पुढे. फेब्रुवारीत सूर्य मागे राहतो, हमीदभाई म्हणत, तो पुढे धावायला लागला असेल तर मी जन्मभर मोजलेल्या जमिनी सगळ्या परत मोजायला हव्यात.

गेला महिना तिच्या आयुष्यातला फार चांगला महिना होता, हे तिने कुणाला सांगितलं नसतं, पण होता. निवृत्तीनंतर शब्द तिच्याजवळ नुसते पडून होते, कपाटात घडी घालून ठेवलेल्या चांगल्या साड्यांसारखे. आता रोज सकाळी बाकावर बसून ती एकेक शब्द उलगडायची, हमीदभाई ऐकायचे, आणि त्यांच्या बायकोने, नूरबानूंनी, थर्मासमध्ये दिलेला आल्याचा चहा दोघं वाटून घ्यायचे. प्रहर म्हणजे घाव, ती सांगायची. प्रहार याच शब्दाचा सख्खा भाऊ. थाळीवर टोला पडला की प्रहर झाला, दुसरा टोला पडला की दुपार, आणि जो टोल्यावर लक्ष ठेवून जागा राहतो त्याचा तो पहारा. घड्याळ म्हणजे मुळात घटी, बुडाला भोक पाडून पाण्यावर सोडलेलं भांडं, भरून बुडालं की एक घटका झाली. पळ हे तर चक्क वजन. आणि तास? तो तर तुमच्याकडून आलाय हमीदभाई, अरबी-फारसीतून, तास म्हणजे धातूचं ताट. यावर हमीदभाई खूश होऊन हसले होते, की म्हणजे शाळेतल्या पोरांना तास नको वाटतो तो आमच्या ताटामुळे. द्वारकेला या सगळ्यात एकाच गोष्टीचं नवल वाटायचं. यांतला एकही शब्द काळाचा नव्हता. माणसाला वेळ मोजायची वेळ आली तेव्हा त्याने घरातली भांडीकुंडी बाहेर काढली होती, ताट, घडा, वजनं, आणि अंगणात रोवायला एक खुंटी. त्या खुंटीचं नाव शंकू. पण जुन्या ज्योतिषग्रंथांत तिला आणखी एक नाव आहे, ती म्हणाली होती, नर. काठीलाच माणूस म्हणतात. हमीदभाईंनी कप खाली ठेवला होता. त्यांच्या आजोबांना मशिदीत सावलीवरून अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजाची वेळ काढताना त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. सावली किती वाढली की ती वेळ होते याचा हिशेब आजोबांच्या तोंडावर असायचा, आणि त्या काठीला ते शाखिस म्हणायचे. शाखिस म्हणजे उठून उभं असलेलं, लांबून दिसणारं. "आणि शख्स पण तिथूनच," हमीदभाई म्हणाले होते. "शख्स. माणूस." दोन भाषा, एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या, आणि दोघींनीही उन्हात उभ्या काठीकडे पाहून एकच म्हटलं. त्या दिवशी चहाची चव तिला वेगळी लागली होती. पाटीवर ती ओळ तिने सगळ्यात आधी लिहिली, आणि बाकीचे शब्द भराभर होत गेले. राहिला एकच, सावली. त्याच्यापुढे जागा कोरी होती, आणि ती का भरत नाही याचं कारण तिने स्वतःला असं दिलं होतं की जुन्या मराठीत साउली असं मिळतं पण त्याच्या मागे विद्वानांचं एकमत नाही.

गुरुवारी दुपारी तिने जेवणाचं ताट पुढे ठेवून मागचा आठवडा आठवून पाहिला. मंगळवारी हमीदभाई गेटवर कुणाशी बोलत उभे होते, ती एकटीच फरशीवर होती, घड्याळ बरोबर होतं. बुधवारी ते दगडाशी बसले, घड्याळ चुकलं. सोमवारी ते बसले, चुकलं. म्हणजे कुणी वेळ बघायला बसलं की वेळ चुकत होती. दगड जागच्या जागी होते, सूर्य जागच्या जागी होता, सरकत होती ती. तिने आमटी वाढून घेतली आणि मग ती तशीच ठेवली. हमीदभाईंना हे आत्ता फोन करून सांगायला काय हरकत होती? एका वाक्याचं काम. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य येणार होतं, का सरकलात, आणि त्याच्या मागे तिसरं. तिने वर्गात शेकडो मुलांना विभक्ती शिकवल्या होत्या, त्यात कुलकर्ण्यांची होती, शेखांची होती, तिच्या स्वतःच्या वस्तीतली होती. ती कुठल्याही खोलीत शिरताना दारात थबकली नव्हती. स्टाफरूममध्ये तिच्या डब्यातली भाजी सगळे घ्यायचे आणि न घेणारा एखादा असला तर तिने त्याची कीव केली होती, स्वतःची कधीच नाही. डोकं स्वच्छ होतं. मग हा पाय कुठल्या काळातला घेऊन आली होती ती?

गॅलरीत आई उन्हात बसली होती, ऐंशी ओलांडलेली, वाळत घातलेल्या सांडग्यांवर राखण करत. शेजारच्या गॅलरीत सोनाली, तिथे भाड्याने राहणारी मुलगी, कपडे झटकायला बाहेर आली तशी आईने स्टूल जरासं मागे ओढलं. काही कारण नव्हतं. सोनालीला ते दिसलंही नाही. द्वारकेला मात्र पहिल्यांदाच दिसलं, आणि दिसल्यावर मग सगळं आयुष्यच तसं दिसायला लागलं. खडकीला चाळीत असताना आई तिचा हात धरून शाळेत सोडायला जायची. सकाळची वेळ, ऊन पाठीवर, पुढे दोघींच्या सावल्या, एक लांब आणि एक तिच्या कमरेएवढी. समोरून कुणी आलं, मास्तर, दुकानदार, पूजेचं तबक घेतलेली एखादी बाई, की आईचा हात किंचित ओढला जायचा. शब्द नाही, नजर नाही, हाताला फक्त एक हिसका, आणि दोघींच्या सावल्या भिंतीवर चढायच्या. मग माणूस निघून गेलं की परत रस्त्यावर. तिला तो खेळ वाटायचा. ती मोठी झाली, आईचा हात सुटला, पण हिसका राहून गेला होता, इतका आतमध्ये की कधी कुणी विचारलं असतं तर तिने शपथेवर नाही म्हटलं असतं. आईला तो तिच्या आईने दिला असणार, पुण्याबाहेरच्या एका गावात, जिथे विहिरीवर माणसांच्या सावल्यांचीसुद्धा रांग वेगळी होती. शिकवलं कुणीच नव्हतं. छप्पन सालात दीक्षा घेऊन आलेले वडील, कचरू, दारूगोळा कारखान्यातले कामगार, यांनी घरातून देव काढले, नवस काढले, जुन्या आरत्या काढल्या. जे बोलून दाखवता येत होतं ते सगळं त्यांनी काढलं. हिसक्याला नाव नव्हतं, तो तेवढा त्यांच्या हाताला लागला नाही. द्वारकेने आठवीत संस्कृत घेतलं तेव्हा चाळीत चर्चा झाली होती. वडील तिला म्हणाले होते, "ज्या भाषेने आपल्याला लांब उभं केलं ती जवळून बघून ये. आवडली तर ठेव." तिला आवडली होती. तिने ठेवली. वडिलांनी ठेव म्हटलं म्हणून ठेवता आली, याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, आणि आता त्या दुपारी, आमटीवर साय धरत असताना, तिने ते मनातल्या मनात मानले.

शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टपाशी हमीदभाई भेटले आणि त्यांनी तोडगा काढला असल्याचं सांगितलं. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. गणितात चूक सापडत नाही म्हणजे दगडांतच असणार, जमीन खचली असेल, कारंज्याची पोकळ जागा, काय भरवसा. तर उद्या सकाळी ते तासांचे दगड उपटून पुन्हा बसवणार होते, आणि या वेळी पुस्तकी आकड्यांवर विसंबणार नव्हते. द्वारकेने फरशीवर उभं राहायचं, त्यांनी समोर बसून मनगटावरच्या घड्याळाशी ताडून प्रत्येक तासाला दगड रोवायचा. दिवसभराचं काम होतं. "घड्याळ तुमच्यावर बसवतो," ते म्हणाले, "तुम्ही एकदम स्थिर उभ्या राहता." ती हसली, बरं म्हणाली आणि लिफ्टमध्ये शिरली. दुसऱ्या मजल्यापर्यंत तिला काही कळलं नाही, आणि तिसऱ्यावर कळलं. उद्या तिचा तो सरकलेला पाय सिमेंटमध्ये कायमचा बसणार होता. मग जो कोणी फरशीच्या मधोमध सरळ उभा राहील त्याची वेळ चुकणार, आणि बरोबर वेळ हवी असेल तर त्याला थोडं बाजूला सरकावं लागणार. सोसायटीतली मुलं सरकायला शिकणार. का, ते कुणालाच माहीत नसणार. ते एक वर्ष बघतील, दोन वर्षं बघतील, आणि मग म्हणतील की या घड्याळावर असंच उभं राहतात. रात्रभर तिला झोप लागली नाही असं काही झालं नाही. ती दमून गाढ झोपली. पण जाग आली तेव्हा तिचं ठरलेलं होतं.

शनिवारी ती खाली गेली तेव्हा हमीदभाई आधीच पहार घेऊन आठच्या दगडापाशी उभे होते. तिने लांबूनच हात वर केला. जवळ जाईपर्यंत तिने वाक्य तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं, आणि शेवटी जे बोलली ते शाळेत कुणी नापास झाल्याचं सांगावं तसं निघालं.

"उपटू नका. घड्याळ बरोबर आहे हमीदभाई. मी सरकते."

त्यांना कळलं नाही. तेव्हा तिने त्यांना फरशी दाखवली, मध्य दाखवला, कड दाखवली. तुम्ही इथे बसलात की मी इथे येते, म्हणाली. मला माहीत नव्हतं, परवा कळलं. हमीदभाईंनी फरशीकडे पाहिलं, मग ते बसायचे त्या जागेकडे पाहिलं, आणि मोजणी खात्यातल्या माणसाच्या सवयीने दोन्हींमधली रेघ डोळ्यांनी ओढून पाहिली. हिशेब जुळताना माणसाचा चेहरा उजळतो तसा त्यांचा उजळला, पण अर्ध्यावरच थांबला. त्यांनी विचारलं, का. ती म्हणाली, तुमच्या अंगावर सावली पडू नये म्हणून. आणि मग तिला वाटलं की आता हे काहीतरी बोलतील. अहो असं काय, आपण सगळे सारखेच, जमाना बदलला, यातलं काहीतरी. ते बोलले असते तर तिने मान डोलवली असती आणि वर जाऊन दार लावून घेतलं असतं. हमीदभाईंनी मात्र पहार गवतात आडवी ठेवली. मग नेहमीच्या जागी, आठच्या दगडामागे, गुडघ्यांवर हात टेकून सावकाश बसले, आणि तोंड वर करून डोळे बारीक केले.

"उभ्या राहा मॅडम," ते म्हणाले. "मधोमध. ऊन सरळ माझ्या डोळ्यांत जातंय, मला दगड दिसत नाही. तुमची सावली जरा माझ्यावर येऊ द्या."

ती उभी राहिली. पायाने हिसका दिला, तिने तो ओळखला आणि पाय जागेवर ठेवला. सावली गवतावरून गेली, हमीदभाईंच्या गुडघ्यांवर चढली, शर्टावर, दाढीवर, आणि त्यांचे डोळे उघडले. डोळे उघडल्यावर त्यांनी दगडाकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, खडूने दगडावर एक फुली मारली. बरोबर, म्हणाले, अगदी मिनिटाला. पण ते उठले नाहीत. ती पण हलली नाही. आळंदी रस्त्यावरून पीएमटीचा हॉर्न आला, कुणीतरी गॅलरीतून गालिचा झटकला, आणि तिच्या सावलीत तो मोठ्या मनाचा माणूस उगाच दगडावरची माती बोटाने साफ करत बसून राहिला. तिला आतून इतकं भरून आलं की काय करावं कळेना. आपण कुणाचं तरी देणं लागतो आणि तो ते कधीच मागत नाही, असं काहीसं. ती एवढंच म्हणू शकली की चहा आज मी आणते. हमीदभाई म्हणाले, आलं घाला, नाहीतर नूर मला बोलेल.

रविवारी फीत नव्हती. अनिरुद्धची कल्पना अशी की सोसायटीतल्या सगळ्यात ज्येष्ठ रहिवाशाने फरशीवर उभं राहायचं, आणि घड्याळाने पहिली वेळ सांगायची ती त्यांच्या सावलीने. सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे चंपा, द्वारकेची आई. आईने आधी दोन दिवस नाही म्हटलं, मग कुणाला काय पडलंय म्हटलं, आणि सकाळी सातला स्वतःच पांढरी साडी नेसून दारात उभी राहिली. द्वारकेने तिला हात धरून फरशीवर आणून उभं केलं, मधोमध, आणि मागे झाली. लोक बरेच जमले होते, रविवार असून. ऊन अजून खाली होतं आणि आईची सावली, एवढ्याशा बाईची, प्रचंड लांब झाली होती, आठच्या दगडावरून जाऊन पार मेंदीच्या कुंपणापर्यंत. द्वारका त्या सावलीकडे पाहत राहिली आणि तिला वडिलांनी एकदाच सांगितलेली गोष्ट आठवली. लकडी पुलावर दोघं उभे होते, ती कॉलेजात होती. ते म्हणाले होते की पेशवाईत सकाळी नवाच्या आत आणि दुपारी तीनच्या पुढे आपल्या माणसांना या शहरात पाऊल टाकायला मनाई होती, त्या वेळेला सावली लांब पडते म्हणून, कुणाच्याही अंगावर जाईल म्हणून. वेशीबाहेर थांबायचं, सावली आखडेपर्यंत. इतकं सांगून वडील नदीकडे बघत राहिले होते आणि मग म्हणाले होते चल, बस येईल. तिने तेव्हा ते ऐकलं आणि इतिहास म्हणून ठेवून दिलं. आता तिला वेशीबाहेर बसलेली ती माणसं दिसली, रोज सकाळी, स्वतःच्याच सावलीवर नजर ठेवून. या शहरातलं सगळ्यात जुनं सूर्यघड्याळ तेच असेल, आणि त्यातही काटा माणूसच होता.

अनिरुद्ध मोबाइल घेऊन पुढे आला आणि फोटोसाठी दगडामागे, हमीदभाईंच्या जागी, गुडघ्यावर बसला. सावली त्याच्या अंगावर गेली. आणि द्वारकेने पाहिलं, आईचा पाय हलला. अगदी तसाच, वीतभर, फरशीच्या कडेकडे. ती पुढे सरसावली आणि हळूच म्हणाली, "आई, मधी." आई तिच्याकडे न बघता, ओठ न हलवल्यासारखं बोलली, पण सकाळच्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्यांच्या अंगावर पडतीय की."

"काय पडतंय आजी?" अनिरुद्धने विचारलं. त्याने वर झाडाकडे पाहिलं, कावळा असेल म्हणून. मग खांद्यावर पाहिलं, शर्ट झटकला, केसांतून हात फिरवला. काहीच नव्हतं. तो खरोखरच शोधत होता. मागे कुणीतरी हसलं. यात आनंद मानावा की रडावं द्वारकेला ठरवता येईना. या मुलाला माहीतच नव्हतं. त्याच्या खापरपणजोबांना जे ताटातल्या मिठासारखं माहीत होतं ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि तिच्या आईच्या पायात मात्र ते पोचून बसलं होतं. आई त्याच्याकडे पाहत होती. तो पुन्हा एकदा शर्ट झटकताना तिने त्याला नीट न्याहाळलं, एखाद्या पोराने अंगात शर्ट उलटा घातलाय का ते बघावं तसं. मग तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या.

"काय न्हाय बाबा," ती म्हणाली. "माझी सावली हाय. बस तू." आणि तिने पाय उचलून फरशीच्या मधोमध ठेवला, दुसरा त्याच्या शेजारी, दाबून. "वाच किती वाजले."

"सव्वाआठ," अनिरुद्ध म्हणाला. हमीदभाईंनी मनगट वर करून बरोबर म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. द्वारका गवतात खाली बसली, आईच्या सावलीतच, पर्समधून पाटीचा कागद काढला आणि मांडीवर ठेवून कोऱ्या जागेत लिहिलं. खोडलं काहीच नाही.

*सावली. जुन्या मराठीत साउली. त्याआधीचं मूळ निश्चित नाही. उन्हात उभ्या असलेल्या प्रत्येकाची पडते. याच शहरात एके काळी ती लांब पडते म्हणून माणसांना सकाळी नवाच्या आत वेशीबाहेर थांबवत. आता तिच्यावरून वेळ वाचावी.*

अनिरुद्धने कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मघाशी झटकलेल्या खांद्यावरून त्याने हात फिरवला, आणि हात तिथेच राहिला. हे खरं आहे का, त्याने विचारलं. ती हो म्हणाली. मला माहीत नव्हतं, तो म्हणाला. म्हणून लिहिलं, ती म्हणाली. त्याने कागदाची नीट घडी घातली आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात, पण जांभई न देता, म्हणाला की ही ओळ बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात घेऊ, खाली बारीक टाकली तर इथे कुणी वाचत नाही.

एव्हाना पोरं फरशीभोवती गोळा झाली होती, आम्हालाही उभं राहायचंय म्हणून. हमीदभाईंनी त्यांना रांगेत लावलं. कुणीतरी आईसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. आईने खुर्चीकडे पाहिलं आणि ती लांब ठेवायला सांगितली, खुर्चीची सावली मधे येते म्हणून. दम लागला असेल, द्वारका म्हणाली, आता उतर. आई म्हणाली, थांब जरा, आत्ताच तर आले. पोरांची रांग वाढली, नूरबानूंचा चहा फिरला, लोक पांगायला लागले, सावली हळूहळू आखडत नवाच्या दगडाकडे सरकत गेली. नऊ वाजून गेले तरी चंपा फरशीवरून उतरली नव्हती.